गव्हाची कॉफी आणि घरचा पाव

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम म्हटले की चरखा, सायंप्रार्थना आणि मिताहार डोळ्यांसमोर येतो. महात्मा गांधींच्या आहारविषयक व्रतांची जडणघडण मात्र या कुटीत झाली नव्हती. तिची सुरुवात लंडन आणि जोहान्सबर्ग येथील उपाहारगृहांत, पाव आणि कोकोच्या साध्या न्याहारीत झाली होती.

मांस, मद्य आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याचे वचन आईला देऊन १८८८ मध्ये मोहनदास बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. पहिले काही महिने अर्धपोटीच गेले. शाकाहारी खाणावळीच्या शोधात ते रोज दहा-बारा मैल पायपीट करीत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसे उपाहारगृह सापडले. विलायतेत पाऊल ठेवल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण त्यांना तेथे मिळाले. तेथेच विक्रीस ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्यांनी एका शिलिंगला विकत घेतले. तोपर्यंत शाकाहार हे आईला दिलेले वचन होते. यापुढे तो त्यांचा स्वतःचा विचार झाला. काटकसर सुरू केल्यावर चहा-कॉफीही सुटली. सकाळी ओटची लापशी व कोको, रात्री पाव व कोको, असा त्यांचा नेम ठरला.

दक्षिण आफ्रिकेत वकिली स्थिरावल्यावर जोहान्सबर्गमध्ये ते शाकाहारी उपाहारगृहांचे नित्याचे गिऱ्हाईक बनले. तेथील मेजांवर त्यांना आयुष्यभराचे सोबती लाभले. छापखान्याचे जाणकार अल्बर्ट वेस्ट आणि तरुण पत्रकार हेन्री पोलाक यांच्याशी त्यांची ओळख अशाच ठिकाणी झाली. पुढे वेस्ट यांनी ‘इंडियन ओपिनियन’च्या छापखान्याची जबाबदारी उचलली. १९०४ मध्ये पोलाक यांनी प्रवासात वाचण्यासाठी दिलेल्या रस्किनच्या पुस्तकातून फिनिक्स वसाहतीची कल्पना साकारली.

याच उत्साहाच्या भरात त्यांच्या हातून एक चूक घडली. थिऑसॉफी मानणाऱ्या एका बाईंनी आपले शाकाहारी उपाहारगृह मोठ्या जागेत नेण्याचे ठरवले आणि गांधीजींकडे मदत मागितली. बाई कलासक्त होत्या, हात सढळ होता. हिशेबाशी मात्र त्यांचे फारसे सख्य नव्हते. गांधीजींकडे अनेक अशिलांच्या ठेवी असत. गिरमिटिया मजूर म्हणून आफ्रिकेत आलेल्या बद्री नावाच्या अशिलाने त्यांच्यावरील विश्वासाने संमती दिली आणि त्याच्या ठेवीतून सुमारे एक हजार पौंड त्या बाईंना दिले गेले. दोन-तीन महिन्यांतच ती रक्कम परत येणार नाही, हे स्पष्ट झाले.

बद्रीने तगादा लावला नाही. गांधीजींनी पदरमोड करून त्याची रक्कम भरून दिली. एका स्नेह्याने त्यांना सौम्य शब्दांत कानउघाडणीही केली: असे पैसे देत गेल्यास ते स्वतः कंगाल होतील आणि सार्वजनिक कामही बुडेल. आपल्या सुधारणेच्या हौसेसाठी दुसऱ्याचा विश्वास पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा धडा त्यांनी मनावर कोरून घेतला आणि आत्मकथेत ही चूक उघडपणे नोंदवली. हाच बद्री पुढे सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेला.

यानंतरचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या घरात केले. सात पौंडांना हातजाते आले. गांधीजी, पोलाक आणि मुले गहू दळीत. कस्तुरबांचाही कधीमधी हात लागे. त्या जाडसर, कोंड्यासकट पिठाचा बिनखमिराचा पाव जर्मन निसर्गोपचारक कुह्ने यांच्या कृतीनुसार घरीच भाजला जाई. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी कॉफीलाही पर्याय सुचवला. गहू निवडून काळपटपणाकडे झुकणाऱ्या तांबूस रंगावर भाजायचे, कॉफीसारखे दळायचे, चमचाभर पूड पाण्यात उकळून हवे तर दूध-साखर घालायची, अशी ती कृती होती.

१९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. हातजात्याचे पीठ आणि घाणीचे तेल हा आता ग्रामोद्योगाचा प्रश्न बनला होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुंबईत अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. १५ ऑगस्टला तेथेच महादेवभाई देसाई यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या जनसमुदायावर गोळीबार झाला. अनेक ग्रामस्थ हुतात्मे झाले आणि पोलीसही मारले गेले. त्या दुःखाच्या दिवसांत, ऑगस्टच्या अखेरीस, बंदिवासातील गांधीजींनी आरोग्यावरील आपले जुने लिखाण नव्याने लिहावयास घेतले. चहा, कॉफी, कोको यांपैकी काहीच शरीराला आवश्यक नाही, हे मत त्यांनी कायम ठेवले. त्याऐवजी मध व लिंबू घातलेले गरम पाणी त्यांनी सुचवले.

तरीही हा नियम त्यांनी सर्वांवर सारख्याच कठोरपणे लादला नाही. त्यांचे सहकारी जी. रामचंद्रन यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. आश्रमातील एक तरुण अतिसारातून बरा होत होता आणि त्याला कॉफीची तीव्र इच्छा झाली होती. ते कळताच गांधीजींनी विश्रांती घेत असलेल्या कस्तुरबांना न उठवता स्वतः चूल पेटवली, हलकी कॉफी केली, सोबत पाव भाजला आणि ते सारे त्या मुलाच्या खाटेपाशी नेऊन दिले.

स्वतः कॉफी वर्ज्य मानणाऱ्या माणसाने ती दुसऱ्यासाठी आपल्या हाताने केली. व्रताची किंमत स्वतः मोजावी, ती दुसऱ्याकडून वसूल करू नये, हा जोहान्सबर्गच्या उपाहारगृहात हजार पौंडांना मिळालेला धडा ते विसरले नव्हते.