विश्लेषण : जेलरच्या पगारासाठी जॉन हॉवर्ड का झगडले?

तुरुंग सुधारणा म्हटले की आधी कैद्यांचा विचार होतो. इंग्रज सुधारक जॉन हॉवर्ड (१७२६-१७९०) यांनी सुरुवात केली ती जेलरच्या पगारापासून.

शेरीफना काय दिसले?

१७७३ मध्ये हॉवर्ड बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफ झाले. मुंबईचे शेरीफपद मानाचे. तिथे मात्र परगण्याचा तुरुंग शेरीफच्या अखत्यारीत असे. हॉवर्ड स्वतः तुरुंगात गेले. न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसे अजून आतच होती. कारण जेलरला पगारच नव्हता. त्याचे पोट कैद्यांच्या फीवर चाले. सुटताना जेलरला १५ शिलिंग ४ पेन्स आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या शिपायाला २ शिलिंग द्यावे लागत. पैसे नाहीत, तर सुटका नाही. कित्येक तुरुंगांत जेलर कैद्यांना दारूही विकत. जेलरला दोष देणे सोपे होते. त्याला बिनपगारी राबवणारे मात्र नामानिराळे राहत.

मागणी कुठे अडली?

जेलरला पगार द्या, असे हॉवर्ड यांनी परगण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना सुचवले. त्यांनी आधीचा दाखला मागितला. (कचेऱ्यांचा हा खाक्या जुनाच!) तो शोधायला हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत गेले. दाखला मिळाला नाही. दिसले ते कोंदट तुरुंग आणि तिथला ‘तुरुंग ज्वर’, म्हणजे टायफस. हा ताप कैदी आणि कर्मचारी असा भेद करत नसे. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तो पसरला, तेव्हा लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशही दगावले. रोज त्याच हवेत काम करणाऱ्या शिपायांचे काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी.

पुढे काय झाले?

१७७४ मध्ये हॉवर्ड यांनी संसदेपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी दोन कायदे झाले. निर्दोष सुटणाऱ्यांची फी परगण्याच्या निधीतून देण्याचे ठरले. तुरुंगांना चुना लावणे, हवा खेळती ठेवणे आणि आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या बंधनकारक झाल्या. १७७७ मध्ये तुरुंगांच्या स्थितीवर त्यांचे पुस्तक आले. जेलर प्रामाणिक, दयाळू आणि निर्व्यसनी हवा, पण तसा माणूस हवा असेल तर त्याला नीट पगार द्या, हा त्यांचा आग्रह कायम होता.

युरोपभरचे तुरुंग आणि रुग्णालये पाहत फिरताना २० जानेवारी १७९० रोजी खेर्सन इथे (आजचे युक्रेन) तापाने त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमध्ये जेलरची फी कायद्याने बंद झाली ती १८१५ मध्ये.