लेहची वाट उघडणारा वैमानिक

माझा थोरला भाऊ सैन्यात होता. मी शाळेत असताना त्याची नेमणूक लेहला झाली. हिवाळ्यात झोजिला खिंड बर्फाने बंद होई आणि श्रीनगर-लेह हा ४३४ किलोमीटरचा रस्ता असून नसल्यासारखा होई. अशाच एका पौषात बाबा अंथरुणाला खिळले. ब्रह्मपुरीहून तार गेली. आई दिवसभर दाराकडे डोळे लावून बसे. पाचव्या दिवशी दादा एस.टी.तून उतरला. सैन्याच्या विमानाने चंदीगड, तेथून रेल्वेने नागपूर असा तो आला होता. बाबांनी त्याला ओळखले, त्याच्या हातून दोन घोट पाणी घेतले आणि दुसऱ्या पहाटे ते गेले.

लेहला पहिले विमान कोणी नेले असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता. पुढे महाविद्यालयात आल्यावर उत्तर सापडले : एअर कमोडोर मेहर सिंग. सहकारी त्यांना मेहरबाबा म्हणत. मात्र नगरच्या मेहेरबाबांशी त्यांचा संबंध नाही.

२० मार्च १९१५ रोजी लायलपूर येथे त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिक्षण घेऊन १९३६ मध्ये ते वायुदलात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व केले. त्याबद्दल १९४४ मध्ये त्यांना डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला. १९४७ च्या डिसेंबरात वेढलेल्या पूंछमधील तोकड्या धावपट्टीवर त्यांनी डाकोटा उतरविले.

१९४८ मध्ये हल्लेखोर लेहच्या रोखाने सरकत होते. हिवाळ्यात पायी निघालेल्या एका लहान तुकडीला श्रीनगरहून लेह गाठण्यास सुमारे तीन आठवडे लागले होते. लेहमध्ये अभियंता सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने वाळूत धावपट्टी तयार केली. तिची उंची दहा हजार फुटांहून अधिक. डाकोटाची केबिन हवाबंद नव्हती आणि मार्गाचे विश्वसनीय नकाशेही नव्हते. २४ मे रोजी मेहर सिंग स्वतः विमान घेऊन निघाले. सोबत जनरल थिमय्या होते. हिमशिखरे ओलांडून विमान सुखरूप उतरले. मागोमाग सैनिक आणि दारूगोळा गेला आणि लेह वाचले.

त्यांना महावीर चक्र मिळाले. पण १९४८ मध्येच त्यांनी वायुदल सोडले होते. १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना वादळात त्यांचे विमान कोसळले. सदतिसावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर होता.

श्रीनगर ते लेह हे हवाई अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. आज विमानाला तासही लागत नाही. ब्रह्मपुरीहून नागपूर त्याच्या निम्मे, तरी एस.टी.ला तीन तास लागतात! अंतर किलोमीटरांत मोजावे की तासांत, असे कोणी विचारले, तर मला बाबांचे ते दोन घोट पाणी आठवते. ते दादाच्या हातून मिळाले, यात त्या न पाहिलेल्या वैमानिकाचाही वाटा आहे, असे मी मानतो.