दोन जागांपासून निम्म्यापर्यंत

मैत्रिणींनो, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही नावं आपल्या रोजच्या बोलण्यातली. ही तीन पायऱ्यांची रचना १९५७ साली सुचवली ती बळवंतराय मेहतांच्या समितीने. बळवंतराय भावनगरचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. योजना वरून येतात, गावाला कोणी विचारतच नाही, हे त्यांनी हेरलं. अधिकार आणि पैसा गावाने निवडलेल्या माणसांकडे द्यावा, पंचायत समितीत दोन बायकाही घ्याव्यात, असं सुचवलं. १९५९ मध्ये राजस्थानात नागौरला सुरुवात झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. १९६५ च्या युद्धात, गुजरातचे मुख्यमंत्री असताना, कच्छमध्ये त्यांचं विमान पाकिस्तानने पाडलं. पत्नी सरोजबेनही त्यातच गेल्या. आज आपल्याकडे बायकांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. सही मात्र आपलीच हवी, यजमानांची नको!