तबल्याचे खाँसाहेब : अहमदजान थिरकवा

आपल्या मंडळात भजनाला पेटी वाजवणाऱ्या तिघीजणी आहेत. तबल्याला मात्र बाहेरून माणूस बोलवावा लागतो आणि तो आला नाही की टाळांवर निभावून न्यावे लागते. गेल्या पावसाळ्यानंतर कपाटातला तबला काढला तर पुडीची शाई उडालेली! त्या दिवसापासून मनात होते की, ज्यांनी सबंध आयुष्य या वाद्याला वाहिले त्या थिरकवा खाँसाहेबांविषयी चार शब्द लिहावेत.

त्यांचे खरे नाव अहमदजान. जन्म १८९२ च्या सुमारास, उत्तर प्रदेशातील मुरादाबादचा. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवीत. मुलाला आधी गाणे व सारंगी यांचेच धडे मिळाले, पण मुनीरखाँचा तबला कानी पडला आणि त्याचे मन तिकडे ओढले गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईस त्यांचा शागीर्द झाला. मुनीरखाँनी अनेक उस्तादांकडून विद्या गोळा केली होती. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद असा घराण्याघराण्यांचा साठा या मुलाच्या ओंजळीत पडला. बोटे तबल्यावर अशी नाचत की, गुरूंच्या वडिलांनी त्याचे नाव थिरकवा ठेवले असे सांगतात. पुढे तेच नाव रूढ झाले.

ही विद्या फार चिकाटीची. बोल आधी तोंडाने म्हणायचा, मग हातातून काढायचा. चाटेवरचा ना स्वच्छ वाजेपर्यंत पुढे जायचे नाही. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढायचा. आणि वाद्याची निगा तर लहान मुलासारखी! तबला चुंबळीवर बसवायचा (घागरीखाली ठेवतो तशीच ही चुंबळ), गवयाच्या सुराशी तो मिळवायचा. गजऱ्यावर हातोडी वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. फरक जास्त असेल तर वादीखालचे लाकडी गट्टे सरकवावे लागतात. शाई लोखंडाच्या किसाची व खळीची असते, तिला पाणी लागू द्यायचे नाही. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, म्हणून वाद्य गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचे. आपण नेमके इथेच चुकलो.

महाराष्ट्राने खाँसाहेबांना ओळखले ते बालगंधर्वांमुळे. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे ते तबल्याला बसू लागले. सारंगीला कादरबक्ष होते. ज्याच्या हातात एवढे भांडार, त्याने पदाच्या मागे साधा ठेका धरून बसायचे, हे मला त्यांच्या वादनापेक्षाही मोठे वाटते. मधूनच एखादा तुकडा येई आणि थिएटरात टाळ्या पडत. पुन्हा लगेच ठेका सुरू. लहानपणी गाणे शिकल्याचा तिथे उपयोग झाला असला पाहिजे. गाणारा कुठे श्वास घेईल हे गाणे जाणणाऱ्यालाच कळते.

पुढे ते रामपूर दरबारी गेले. नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी तबला शिकवला. नुसता तबला ऐकायला लोक बसतात, हे त्यांच्या एकल वादनाने दाखवून दिले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लालजी गोखले, निखिल घोष, भाई गायतोंडे हे त्यांचे शिष्य. म्हणजे मुरादाबादच्या या खाँसाहेबांची विद्या मराठी हातांतही उतरली.

१३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे देहावसान झाले.

आपल्या तबल्याची पुडी आता बदलून आणली आहे. दोघी भगिनी शिकू लागल्या आहेत. सध्या ना आणि तीं एवढेच चालले आहे, आणि शेजारच्यांनी अजून तक्रार केलेली नाही.