राजा दीनदयाळ

मल्लेश्वरमातील एखाद्या जुन्या घरात पाऊल टाकावे, तो भिंतीवरून पगडी-उपरण्यातील पूर्वज आपणांकडे रोखून पाहत असतात. कोरीव खुर्ची, हाताशी पुस्तक, मागे रंगविलेला पडदा. हा थाट बहुधा घरचा नसून स्टुडिओचा असतो. तो पाहिला की आम्हांस लाला दीनदयाळ यांचे स्मरण होते.

मेरठजवळील सरधना येथे 1844 साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले. 1874 च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. इंदूरनरेश तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा त्यांना आश्रय लाभला. इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्यांचे गुण हेरले. 1882 मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली. पुढे त्यांनी नोकरीच सोडली. पेन्शनचा भरवसा सोडून धंद्यात उतरण्यास केवढी छाती लागते, हे आमच्यासारख्या सरकारी नोकरास कोणी सांगावयास नको.

सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ भरभराटीस आला, 1896 मध्ये मुंबईतही निघाला. पूर्वी तसबीर काढवून घेणे हा मुख्यत्वे राजेरजवाड्यांचा मान होता. आता वकील आणि व्यापारीही दाम मोजून तो मिळवू लागले. काचेवर प्रतिमा उमटेपर्यंत निजामासही त्यांच्याप्रमाणेच स्तब्ध बसणे भाग होते! पडद्यातील स्त्रियांचे काय? त्यांच्यासाठी 1892 मध्ये हैदराबादेस स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज बाईंकडे सोपविण्यात आला. इतरांना प्रतिष्ठेचे रूप देणारे दीनदयाळ स्वतःही प्रतिष्ठा पावले. निजाम महबूब अली खान यांनी त्यांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब बहाल केला. 1905 मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या सुमारे 2,800 काचपट्ट्या 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने संग्रही घेतल्या. आपल्या घरच्या तसबिरींना असा वाली कोठून मिळणार? खुर्ची ओळखू येते, पगडीही ओळखू येते. परंतु पगडीखालचा गृहस्थ कोण, हे सांगणारे वडीलधारे एकेक करून जात आहेत. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने घरची तसबीर खाली उतरवून तिच्या पाठीमागे नाव व गाव लिहून ठेवावे, एवढीच आमची विनंती.