ग्रेस हॉपर : सॉफ्टवेअर तपासणीचा खर्च वाचवणाऱ्या नौदल अधिकारी

ग्रेस हॉपर म्हटले की संगणकात अडकलेल्या पाखराची १९४७ सालची गोष्ट हमखास सांगितली जाते. सॉफ्टवेअर तपासणीतले त्यांचे काम मात्र त्याहून कितीतरी मोठे आहे.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. १९४३ मध्ये, महायुद्ध सुरू असताना, प्राध्यापकी सोडून त्या अमेरिकेच्या नौदलात दाखल झाल्या.

प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला कंपायलर म्हणतात. १९५३ मध्ये हॉपर यांच्या चमूचा ए-२ कंपायलर ग्राहकांना सोर्स कोडसकट देण्यात आला आणि सुधारणा कळवण्याचे आवाहनही केले गेले. ओपन सोर्सचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते.

पुढे कोबोल भाषा आली. पण प्रत्येक कंपनीचा कोबोल कंपायलर थोडा वेगळा वागे. एका संगणकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. तो पुन्हा लिहायचा म्हणजे पुन्हा खर्च. निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये, वयाच्या ६०व्या वर्षी, परत बोलावले. कंपायलर प्रमाणानुसार चालतो का, हे तपासणारे चाचणी प्रोग्रॅम त्यांच्या गटाने तयार केले. त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहण्याची गरज उरली नाही.

१ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकी सरकारचा कोबोल चाचणीसंच आज सर्वांना खुला आहे आणि ग्नूकोबोल हा मोफत कंपायलर त्यावरच तपासला जातो. चाचणी एकदा लिहिली, खर्च अनेकांचा वाचला.