जॉन पोस्टेल: इंटरनेटची यादी सांभाळणारा माणूस

मागच्या पावसाळ्यात नाशिकला घरी बसून ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करत होतो. पासवर्ड विचारायच्या आधीच कनेक्शन बंद! नेट चालू, सर्व्हर चालू, मग अडलं कुठे? तासाभराने सापडलं. सर्व्हरच्या 'होस्ट्स डॉट अलाऊ' फाइलमध्ये माझ्या घरचा जुना आयपी अ‍ॅड्रेस होता आणि राउटर बंद-चालू केल्यावर तो बदलला होता. माणूस तोच, पत्ता नवा. पण सर्व्हरला फक्त पत्ताच कळतो.

असे पत्ते आणि नंबर वाटून देण्याचं काम पंचवीसहून जास्त वर्षं ज्याने सांभाळलं, त्या जॉन पोस्टेलची ही गोष्ट.

सुरुवात

पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात त्याने इंजिनिअरिंग केलं आणि १९७४ मध्ये पीएचडी मिळवली. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट याच विद्यापीठातून सुरू झालं, तेव्हा तो तिथे विद्यार्थी होता. नेटवर्कचे नियम ज्यात लिहिले जातात, त्या आरएफसी कागदपत्रांचं संपादन त्याच वर्षी त्याच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत राहिलं.

१९७२ मध्ये त्याने सुचवलं की कुठल्या सेवेला कुठला नंबर, हे एकाच माणसाने ठरवावं. आणि तो माणूस मीच, हेही सांगून टाकलं! लांब दाढी, पायात सँडल अशा या माणसाची यादी सगळ्यांनी मानली. कारण सरळ होतं: तो यादी नीट ठेवायचा आणि कुणाची बाजू घ्यायचा नाही. पुढे या कामाला आयएएनए असं नाव पडलं. ८ मे १९८९ रोजी आपलं 'डॉट इन' याच यादीत आलं. तेव्हा ते मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था सांभाळायची.

दार उघडं, मग वॉचमन

१९८० च्या सुमारास पोस्टेलने एक नियम लिहिला: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. नियम मेसेजच्या फॉरमॅटसाठी होता, पण तेव्हाचं नेटवर्कही तसंच होतं. सगळे ओळखीचे, दार उघडं.

मग अनोळखी लोक आले. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या आइंटहोवन विद्यापीठात कुणीतरी घुसून कॉम्प्युटरमधल्या फाइल पुसत होतं. तिथल्या वित्से वेनेमाने 'टीसीपी रॅपर' लिहिलं. म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, हातात दोन रजिस्टर. आधी 'अलाऊ' बघायचं, नाव सापडलं की आत. नाही तर 'डिनाय' बघायचं, तिथे सापडलं की बाहेर. दोन्हीत नसेल तर? आत! इथेच बरेच जण फसतात.

१९९५ मध्ये टाटू इलोनेन या फिनलंडच्या इंजिनिअरने आपल्या एसएसएच प्रोग्रामसाठी नंबर मागितला. पोस्टेलच्या टीमने लगेच २२ देऊन टाकला. माझं लॉगिन अडलं ते याच दारावर.

शेवटचं वर्ष

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने १३ पैकी ८ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना मेल केला: मुख्य यादी आता माझ्या सर्व्हरवरून घ्या. त्यांनी घेतली! अमेरिकन सरकार हादरलं. दबाव आल्यावर त्याने ही फक्त चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. पण एका माणसावरच्या विश्वासावर किती मोठं जाळं उभं आहे, हे जगाला कळलं. त्याच वर्षी या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या ऑपरेशननंतर, पोस्टेल गेला. वय फक्त ५५.

तुमचं कनेक्शन अडलं तर?

- आधी आजचा आयपी तपासा, मग सर्व्हरचा लॉग बघा.
- फाइलमध्ये सेवेचं नाव प्रोग्रामच्या नावाशी जुळतंय का? शेवटच्या ओळीनंतर एंटर आहे का?
- तुमचा प्रोग्राम या फाइल वाचतो का? ओपनएसएसएचने २०१४ मध्ये हा सपोर्ट काढला. तो वाचत नसेल तर फाइल कितीही बदला, फरक शून्य. तिथे फायरवॉल वापरा.
- 'डिनाय'मध्ये सगळ्यांना बंद करण्याआधी स्वतःचं एक लॉगिन चालू ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर!

आणि एक लक्षात ठेवा. मोबाइल डेटावर अनेक अनोळखी लोक एकच पब्लिक आयपी वापरत असतात. त्यामुळे पत्त्याची यादी ही पहिली चाळणी आहे, ओळख नाही. ओळखीसाठी की किंवा पासवर्ड हवाच. पोस्टेलवर लोकांनी विश्वास ठेवला तो त्याचं काम बघून, पत्ता बघून नाही.